माडबेडी म्हणजे करू नका

हेब्बाळ, २८ मे

चि. राजस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. ते तू धरून चाल, मला आज लिहवत नाहीत.

हेब्बाळहून व्हाइटफील्डला कुणी पत्र लिहितं का, असं तुझे बाबा विचारतायत. फोन कर म्हणाले, नाहीतर आवाज रेकॉर्ड करून पाठव. माझा आवाज तुझ्याकडे पुष्कळ साठलाय. आता अक्षर वाच. स्पीडपोस्टानं तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे सही करून घ्यावं लागेल आणि मिळालंच नाही असं म्हणता यायचं नाही.

ईराला आणि बाळाला मी काल का घेऊन आले ते फोनवर ऐकायला तुला वेळ नव्हता. मीटिंगमध्ये होतास. म्हणून लिहून देते.

काल मी अळिवाचे लाडू घेऊन तुमच्याकडे गेले. दार स्वयंपाकाच्या बाईंनी उघडलं. आत बाळ पाळण्यात रडून रडून लाल झालेलं, आणि ईरा पाळण्याचा कठडा धरून नुसती उभी. मला वाटलं, मुलीचं डोकंबिकं फिरलं की काय. तर म्हणाली, "आई, तुम्ही उचला ना हिला. मला वाकताच येत नाहीये." जमिनीवर चटई अंथरलेली, चटईवर फोन, आणि फोनमधून मी बोलत होते. "शाब्बास. पाय आणखी वर. सोडायचं नाही. छान." माझाच आवाज, लाडीगोडीचा. मी बाळाला खांद्यावर घेतलं, फोन बंद केला आणि विचारलं, "हे असलं करायला तुला सांगितलं कुणी?"

ती म्हणाली, "तुम्हीच."

राजस, सिझेरियन होऊन महिना व्हायचाय त्या मुलीला नौकासन. बसून पाय आणि पाठ दोन्ही उचलून धरायची आणि सगळा भार पोटावर घ्यायचा. जिथं टाके आहेत तिथं. ते आसन मी शनिवारच्या गटाला शिकवते, ज्यांची पोरं आता हॉलभर धावतात आणि बायकांच्या पिशव्या उपसतात. नव्या बाळंतिणींचा गट वेगळा. त्यांना मी पाठीवर झोपवते, गुडघे दुमडायला लावते आणि श्वासापलीकडे काही करू देत नाही. तू दिवाळीच्या सुमारास दोन्ही वर्गांचं चित्रण केलंस. मला बरंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. नवी साडी काढली होती पहिल्या दिवशी, मग तूच म्हणालास की योगाच्या कपड्यांत ये.

आज सकाळी ईरानं आणि मी त्या चित्रणातून तू फोनवर विकायला काढलेला तो कोर्स पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. नव्या आयांना नमस्कार करणारी मी, आणि त्या नमस्काराला जोडलेलं शनिवारचं नौकासन. आणि माझी ताकीद कुठेच नाही. मी कुठलंही आसन सुरू करण्याआधी ते कुणी करायचं नाही हे सांगते. तुला ठाऊक आहे मी ते कशात सांगते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त बायका कन्नड आहेत, आणि लग्न होऊन या गावात आल्यापासून माझ्या तोंडून दटावणी कन्नडमधूनच बाहेर पडते. "ऑपरेशन आदवरु माडबेडी." ऑपरेशन झालेल्यांनी करू नका. प्रत्येक आसनाआधी म्हणते. एकदाही ऐकू आलं नाही.

ईरानं कारण सांगितलं. पुण्यातल्या ज्या मुलांनी व्हिडिओ कापले त्यांना तू सांगितलंस, हिंदी आणि मराठी ठेवा, कन्नड काढून टाका, आपल्या लोकांना कळत नाही. म्हणजे करा-करा तेवढं ठेवलंत, आणि करू नका ते सगळं काढलंत. त्या पोरांना कन्नड येत नाही, त्यांना मी काय बोलू. तुला येतं. तू मल्लेश्वरमच्या शाळेत कन्नडमध्ये मारामाऱ्या केल्यायस. 'माडबेडी' हा शब्द तू 'आई'च्या पाठोपाठ शिकलायस, कारण दिवसभर तुला तोच ऐकावा लागायचा.

तो कोर्स आजच्या आज बंद कर. बाकीचं मग बोलू.

आई


हेब्बाळ, ५ जून

राजस,

तुझं उत्तर बाबांच्या फोनवर आलं. माझ्या पत्राला बाबांच्या फोनवर उत्तर, वा. "आईला सांगा, डिस्क्लेमर टाकलेला आहे, शिवाय कोर्स बंद करणं एवढं सोपं नसतं." मी बाबांचा चष्मा लावून ती तुझी सूचना शोधली. आहे खरी. सगळ्यात खाली, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. माझं बोलणं मोठ्या आवाजात आणि तुझी सूचना तळाशी. बाई बाळाला पाजता पाजता ती वाचणार आहे होय?

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. टाके ठीक आहेत, देवाची कृपा. पण पोटाचे मधले स्नायू फाकलेत. बाळंतपणात ते थोडे फाकतातच आणि हळूहळू जवळही येतात, पण त्यावर असा जोर दिला की येत नाहीत, उलट कंबर धरते. ईराची तशीच धरलीय. उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येतो, तो तिनं मला दाखवला आणि लगेच कुर्ता खाली ओढला. डॉक्टर म्हणाल्या, भरून येईल, फक्त घाई नको. जड उचलायचं नाही, आणि तूर्त वाकून बाळालाही उचलायचं नाही, कुणीतरी हातात द्यायचं. श्वासाचे आणि हलके प्रकार चालतील. मी त्यांना म्हणाले, मी तेच शिकवते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या फोनवरही तो कोर्स कुणीतरी पाठवला होता.

मग घरी येऊन शिकवायला बसले. ईरा पाठीवर झोपली, गुडघ्यांखाली लोड दिला. मी म्हणाले, "आता हळूच श्वास सोड." एवढंच. आणि पोरीचे खांदे वर गेले, मुठी आवळल्या. मी म्हटलं काय झालं? तर डोळे मिटूनच म्हणाली, "आई, रागावू नका. तुम्ही बोलायला लागलात की मला ते आठवतं. पाय आणखी वर, आणखी वर."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. गॅसवर काही नव्हतं. माझ्या आवाजावर बायका झोपी जातात, राजस, वर्गात घोरतात, मग बाकीच्या हसतात. तोच आवाज माझ्या सुनेला चावतो. हे तू केलंस. रागाच्या भरात लिहीत नाहीये, नीट विचार करून लिहितेय.

आता आम्ही न बोलता करतो. मी माझी चटई तिच्या शेजारी घालते आणि आडवी होते. ती माझ्या पोटाकडे बघते. माझं पोट खाली गेलं की ती श्वास सोडते. चुकलं तर मी तिच्या बरगडीवर हात ठेवते. कुशीवर वळून, हाताचा टेका घेऊन कसं उठायचं तेही असंच दाखवलं, नाहीतर ती सरळ उठायला जायची आणि कळवळायची. तुझे बाबा दारातून म्हणाले, "वीणा गप्प बसलीय, या घरात असा योग पहिल्यांदाच आला." ईरा हसली. हसल्यावर पोट धरलं, पण हसली.

तिच्या आईचा नागपूरहून फोन आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज तूच मोडलास. त्यांनी खोलीला रंग काढला होता, डिंक आणून ठेवला होता. तू म्हणालास, घरात योगशिक्षिका असताना नागपूरला कशाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मला विचारलं नाहीस, आणि मग तिला माझ्याकडेही पाठवलं नाहीस, फोन हातात दिलास. अलकाताई काही आरडाओरडा करणाऱ्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर ठेवली होती हो वीणाताई." मी काय सांगणार होते त्यांना? ती मी नव्हतेच, असं?

कोर्स अजून चालू आहे. मी रोज सकाळी उघडून बघते.

आई


हेब्बाळ, १२ जून

राजस,

रविवारी तू आलास आणि चहा अर्धा टाकून गेलास. तुझ्यासमोर मला नीट बोलता येत नाही, तू मधेच बोलतोस. म्हणून हे पुन्हा कागदावर.

आधी तू काय बोललास ते लिहिते, म्हणजे तुला ते डोळ्यांनी दिसेल. "आई, कंटेंट तुझाच आहे गं, आम्ही फक्त टाइट केलाय." मी विचारलं, श्वासाचा सुरुवातीचा सगळा भाग कुठे गेला? "त्यात काही घडतच नाही ना. लोक तिथेच सोडून जातात." आणि ताकीद? "सुरुवातीलाच करू नका, करू नका म्हटलं की निगेटिव्ह वाटतं." अरे शहाण्या, ते निगेटिव्हच असतं. उकळत्या दुधाच्या पातेल्याला हात लावू नको हे तुला पॉझिटिव्ह करून कसं सांगायचं होतं?

मग तू म्हणालास, बाकी कुणाची तक्रार नाही. बायका तक्रार करत नाहीत, राजस. बाळंतीण तर मुळीच करत नाही. तिला सगळे सांगत असतात की दुखणारच, आम्हालाही दुखलं. ती दात आवळून पाय आणखी वर नेते.

बाबा इतका वेळ पेपरात तोंड घालून बसले होते. आयुष्यभर सरकारी प्रयोगशाळेत विमानांचे भाग तपासलेला माणूस, घरात बोलतो कमी. ते म्हणाले, "आमच्याकडे यंत्रावरची सूचना खरवडून कुणी यंत्र पुढे पाठवलं असतं, तर त्याला आम्ही काय म्हणायचो ते तुझ्या आईसमोर म्हणत नाही." तू त्यांना म्हणालास, बाबा, तुमचा काळ वेगळा होता. त्यांनी पेपराची घडी घातली आणि ते आत गेले. त्यानंतर ते जेवले नाहीत, हेही तुला कळावं म्हणून लिहिते.

आणि मग ईरा बाहेर आली. भिंतीला धरून, सावकाश. तिनं तुला विचारलं, "तू मला एकदा तरी करताना बघितलंस?" तू म्हणालास, "मला वाटलं तू एन्जॉय करतेयस." ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं दुखतंय. दोनदा सांगितलं. तू म्हणालास, आईच्या क्लासमधल्या सगळ्या बायकांना जमतं, तुलाच कसं जमत नाही?"

हे मला माहीत नव्हतं. तिनं मला सांगितलं नव्हतं. मी हात धुवायच्या निमित्तानं उठले, कारण बसून राहिले असते तर तुझ्या कानाखाली वाजवली असती, इतका मोठा झालास तरी. माझं नाव घेऊन तू तिला हिणवलंस. माझ्या वर्गातल्या बायकांना जमतं, कारण त्यांना जे जमणार नाही ते मी त्यांना करू देत नाही. यात माझी दुसरी काही विद्याच नाही. एवढं एकच मी शिकले आणि एवढं एकच शिकवते, आणि नेमकं तेवढंच तू काढून टाकलंस.

तेवढ्यात फोन वाजला, तू "एक मिनिट हं" म्हणून दाराबाहेर गेलास आणि तिथूनच लिफ्टनं खाली उतरलास. बाळाला घेतलंसुद्धा नाहीस.

आई


हेब्बाळ, १८ जून

राजस,

आज दुपारपर्यंत मी खुशाल होते. ईरा रात्री सलग झोपली. कुशीवर वळून उठताना आता ती कण्हत नाही. कंबर धरते पण सोडतेही, म्हणते. काल पहिल्यांदा तिनं भिंतीला पाठ लावून ताडासन केलं, टाचा न उचलता, नुसतं उभं राहून हात वर. मी न राहवून "छान" म्हणून गेले. दोघी थबकलो. तिचे खांदे होते तिथेच राहिले. मग मी हळूहळू बोलायला लागले, एकेक शब्द, कन्नडमध्ये, कारण त्या कोर्समध्ये कन्नड नव्हतंच, तिला त्याची भीती नाही. तिनं प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घेतला. नागपूरची मुलगी, 'निधान' म्हणजे सावकाश, हे आता दूधवाल्यालाही सांगते.

आणि दुपारी तुझा मेसेज आला तिला. तिनं फोन माझ्यापुढे धरला. "बाबा म्हणाले तू बरीच बरी आहेस. योग दिनाला कोर्स नव्यानं प्रमोट करतोय. तुझा आणि आईचा एक छोटा व्हिडिओ मिळेल का? सासू-सून, रिकव्हरी जर्नी. लोकांना खूप टच होईल."

टच होईल.

मी तो फोन झाडांच्या कुंडीत पुरणार होते. तुझ्या बाबांनी काढून घेतला. जिला तुझ्या दुकानदारीनं आडवी पाडली, ती उठून बसली की तिचंच चित्र लावून तू आणखी बायकांना आडवं पाडणार. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोर जत्रेचं आमंत्रण देतो हे तुझ्याकडून समजलं. मी तुला काय कमी केलं रे? कुठल्या दिवशी तुला सांगायचं राहिलं की दुसऱ्याचं अंग हे अंग असतं? मी स्वतःला विचारतेय आणि सापडत नाहीये, त्यामुळे आणखीच चीड येते.

ईरा मात्र शांत होती. बाळ तिच्या कुशीत पीत होतं. मला म्हणाली, "करूया आई. त्याला व्हिडिओ हवाय ना?" मी म्हटलं, वेडी आहेस का. तर म्हणाली, "त्याला नाही पाठवायचा. सगळ्यांना पाठवायचा."

हे पत्र तुला परवा मिळेल. तोवर झालेलं असेल. पाठीमागून वार केला असं म्हणू नकोस म्हणून कळवतेय. तुला थांबवायचं असेल तर रस्ता एकच आहे आणि तो तुला पहिल्या पत्रापासून माहीत आहे.

आई


हेब्बाळ, २२ जून

राजस,

तू थांबवलं नाहीस. मग तिनं थांबवलं.

व्हिडिओ तू पाहिलासच, सगळ्या गावानं पाहिला. पण तुझा समज असेल की मी तिला पढवलं, म्हणून लिहिते. मी तिच्याशेजारी चटईवर बसले होते आणि एक अक्षर बोलले नाही. तिनं स्वतः सांगितलं. ही माझी सासू, हिचाच आवाज तुम्ही ऐकताय. हिनं जे करू नका सांगितलं होतं ते कापलेलं आहे, मी ते करून बसलेय, माझ्या पोटाला असं झालंय. ज्यांचं ऑपरेशन झालंय, ज्यांच्या पोटावर उठताना उंचवटा दिसतो, ज्यांना दुखतंय, त्यांनी करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, आणि शेवटी मोडक्यातोडक्या कन्नडमध्येही. नवऱ्याचं नाव घेतलं नाही. मी असते तर घेतलं असतं.

काल, ऐन योग दिनाच्या दिवशी, तू कोर्स काढून घेतलास. तुझा भागीदार श्रीहर्ष याचा बाबांना फोन आला होता, म्हणे आता झालं का समाधान? नाही झालं. तू तो काढलास कारण लोक शिव्या देऊ लागले. ईरानं तोंडावर सांगितलं तेव्हा काढला नाहीस. हा फरक मला विसरता येत नाही, आणि तू मला विसरायला सांगूही नकोस. तिथं आता लिहिलंय, 'लवकरच नव्या रूपात.' कुठल्याही रूपात येऊ दे, माझा आवाज त्यात नसेल.

ईराच्या व्हिडिओखाली इंदूरच्या कुणा मुलीनं लिहिलंय की मलाही असंच दुखत होतं, पण मला वाटलं माझ्या अंगातच खोट आहे, म्हणून जास्त वेळ करत होते. ईरानं ते मला वाचून दाखवलं आणि मग फोन बाजूला ठेवून खूप रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मी तिला म्हटलं, रड, पोटावर हात ठेवून रड, म्हणजे ताण येत नाही. तिलाही हेच वाटलं होतं, राजस, तुझ्या घरात, तुझ्या शेजारी झोपून. की खोट तिच्यात आहे.

तू बाबांना विचारलंस, मी घरी येऊ का, ईरा भेटेल का. ते मी कशी सांगू? तिच्या वतीनं मी बोलणार नाही. माझ्या तोंडून तिला काय काय सांगून झालंय, आणि त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. म्हणून मी तिलाच विचारलं. ती बाळाची झबली घडी करत होती, मान वर न करता बोलली. जसं बोलली तसं लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही:

"अजून काही आठवडे मला वाकायचं नाहीये. बाळ पाळण्यातून उचलून हातात द्यायला माणूस हवाय. सकाळी, ऑफिसच्या आधी. रोज. येणार असेल तर ये म्हणावं, आणि बोलायला नको येऊस म्हणावं, उचलायला ये."

हेब्बाळ ते व्हाइटफील्ड सकाळचा रस्ता कसा असतो ते मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. तरी तिनं रोज म्हटलंय.

माझा राग गेलेला नाही. गेला की कळवीन. तोवर दार बाबा उघडतील. चहा मिळेल, तो पूर्ण पी. हात धुऊन मगच बाळाला घे, आणि मान धर.

आई